औरंगाबादचा मराठा-मोगल तह (१६६७–६८)

छत्रपती शिवाजी महाराज व मोगल बादशाह औरंगजेब यांच्यात, आग्र्याहून सुटकेनंतर, शाहजादा मुअज्जम याच्या मध्यस्थीने झालेला तह. त्याची सूत्रे मोगलांच्या दख्खन सुभेदारीचे मुख्य ठाणे असलेल्या औरंगाबादेतून (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) हलली. पुरंदरच्या तहापासून सुरू झालेल्या राजकारणाचा हा अखेरचा टप्पा होय.

जून १६६५ मधील पुरंदरच्या तहाने २३ किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. पुढे मिर्झाराजे जयसिंग यांच्या आग्रहावरून महाराज मार्च १६६६ मध्ये आग्र्यास निघाले. वाटेत औरंगाबादेस मोगल अधिकारी सफशिकनखान स्वतः सामोरा न येता त्याने पुतण्यास पाठविले. तेव्हा महाराज त्याच्या कचेरीकडे न वळता थेट मुक्कामी गेले आणि अखेर खानालाच त्यांच्या भेटीस यावे लागले, असे भीमसेन सक्सेना याने आपल्या तारीखे दिल्कुशा या फार्सी ग्रंथात नमूद केले आहे. दरबारी मानमरातबाचा हाच प्रश्न १२ मे रोजी आग्र्याच्या दरबारात तीव्र झाला. महाराजांवर पहारा बसला व ऑगस्टमध्ये ते तेथून निसटले.

सुटकेनंतर लगेच युद्ध पेटले नाही. कारण उसंत दोन्ही पक्षांना हवी होती. महाराजांना उरलेल्या मुलुखाची घडी बसवावयाची होती व किल्ल्यांची डागडुजी करावयाची होती. १६६७ मध्ये पेशावरकडे युसुफझाई टोळ्यांनी उठाव केला, त्यामुळे बादशाहाचे लक्षही वायव्य सरहद्दीकडे वेधले गेले. त्याच वर्षी जयसिंग बुऱ्हाणपूर येथे मरण पावला. दख्खनच्या सुभेदारीवर मुअज्जम व त्याच्या मदतीस जोधपूरचा महाराजा जसवंतसिंग आले. महाराजांनी जसवंतसिंगाकडे पत्र पाठवून मध्यस्थीची विनंती केली आणि संभाजीराजांना शाहजाद्याच्या चाकरीत धाडण्याची तयारी दर्शविली.

नोव्हेंबर १६६७ मध्ये संभाजीराजे औरंगाबादेस येऊन शाहजाद्यास भेटले. त्या वेळी त्यांचे वय अवघे दहा वर्षांचे होते. १६६८ च्या प्रारंभी बादशाहाने महाराजांचा राजा हा किताब मान्य केला. संभाजीराजांना पंचहजारी मनसब व वऱ्हाडात जहागीर मिळाली. त्यांच्या वतीने प्रतापराव गुजर व निराजी रावजी फौजेसह औरंगाबादेस राहिले. कोंढाणा, पुरंदर यांसारखे किल्ले मात्र मोगलांकडेच राहिले. ज्या शहरात संभाजीराजे मोगल मनसबदार म्हणून आले, ते शहर २०२३ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते.

तहाचा पाया कच्चा होता. मुअज्जम व मराठे यांच्यातील सख्य बादशाहास संशयास्पद वाटू लागले. आग्र्याच्या प्रवासाकरिता १६६६ मध्ये दिलेला एक लक्ष रुपयांचा खर्च वसूल करण्यासाठी त्याने वऱ्हाडातील जहागिरीचा काही भाग जप्त केला. प्रतापराव व निराजी यांना कैद करण्याचा हुकूम सुटला असता शाहजाद्यानेच त्यांना आधी सूचना दिली, असे बखरीत म्हटले आहे. मराठी फौज औरंगाबादहून परतली आणि १६६९ च्या अखेरीस सलोखा संपला. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा व त्यानंतर पुरंदर पुन्हा स्वराज्यात आले.

मराठी रंगभूमीने या राजकारणातील आग्र्याचा प्रसंग विशेषत्वाने उचलला; विष्णु हरी औंधकर यांचे आग्र्याहून सुटका हे नाटक त्याचे ठळक उदाहरण होय. भर दरबारातील अपमान, कैद आणि परंपरेने प्रसिद्ध असलेली पेटाऱ्यांची युक्ती यांतील नाट्य उघड आहे. औरंगाबादच्या वाटाघाटींतील नाट्य संयत आहे : ज्या बादशाहाच्या कैदेतून महाराज पुत्रासह निसटले, त्याच्याच पुत्राच्या छावणीत वर्षभराने आपला वारस पाठविण्याचा धोका त्यांनी पत्करला. त्यातून मिळालेल्या सुमारे दोन वर्षांच्या शांततेत १६७० च्या चढाईची पूर्वतयारी झाली.