स्टॉकहोमचा वसंत: पाहावं काय, आठवावं काय



हल्ली आपल्या ओळखीत एखादी तरी बाई अशी निघते, जिचा मुलगा किंवा लेक नोकरीसाठी स्वीडनला आहे. मुलं आईवडिलांना बोलावतात ती बहुतेक एप्रिल-मेमध्ये. तोवर तिकडचा बर्फ वितळलेला असतो आणि इकडे उन्हाळा तापलेला असतो. परत आल्यावर आपण फोटो बघतो. गुलाबी फुलांनी डवरलेली झाडं, जुनं लाकडी जहाज, राजवाडा, पाण्याकाठची घरं. आजच्या भाषणात त्याच शहराबद्दल, म्हणजे स्टॉकहोमबद्दल, बोलायचं आहे. वसंतात तिथे काय काय करावं हे मी सांगणारच आहे. पण त्या प्रत्येक गोष्टीच्या पोटात एक इतिहास आहे आणि त्यात बायका फार आहेत. फोटोत त्या दिसत नाहीत, म्हणून त्यांची ओळख करून द्यावी असं मनात आलं.

आधी शहर डोळ्यांसमोर आणू या. स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेलं आहे. मधल्या बेटावर जुनं गाव आणि राजवाडा. त्याच्या दक्षिणेला सोडरमाल्म, हा एके काळचा गरीब कामकऱ्यांचा भाग. पूर्वेला युरगॉर्डन, राजाची जुनी शिकारीची जागा. तिथे आता बागा आणि संग्रहालयं आहेत. हिवाळ्यात या शहरात दुपारी तीनच्या सुमारास अंधार पडतो. एप्रिल संपता संपता मात्र सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो. एवढा मोठा फरक चार महिन्यांत पडतो, म्हणून तिथली माणसं वसंताची वाट आपण पावसाची पाहतो तशी पाहतात. पहिलं कोवळं ऊन पडलं की अंगात कोट असतानाच भिंतीला टेकून, डोळे मिटून उन्हात बसतात. तुम्हीही बसा. त्याला तिकीट लागत नाही!

ईस्टरच्या सुमारास तिथे असलात तर रस्त्यात एक गंमत दिसेल. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी लहान मुलं म्हाताऱ्यांचं सोंग घेतात. डोक्याला रुमाल, कमरेला ॲप्रन, गालांवर लाल रंग, हातात झाडू नाहीतर कॉफीची किटली. घरोघर जाऊन स्वतः काढलेली चित्रं द्यायची आणि खाऊ गोळा करायचा. या झाल्या ईस्टरच्या चेटकिणी. त्या झाडूवर बसून ब्लोकुल्ला नावाच्या डोंगरावर सैतानाच्या मेजवानीला जातात, अशी ती गोष्ट. मुलं गोड दिसतात, खाऊ जरूर द्या.

पण ही गोष्ट एके काळी खरी मानली गेली होती. १६६८ साली स्वीडनच्या दालार्ना प्रांतात मुलांच्या सांगण्यावरून बायकांवर खटले सुरू झाले. ‘ही बाई आम्हाला रात्री ब्लोकुल्लाला घेऊन गेली,’ असं मूल म्हणायचं आणि ते पुरावा म्हणून धरलं जायचं. पुढच्या आठ वर्षांत जवळपास तीनशे माणसं मारली गेली, त्यांतल्या बहुतेक बायका. १६७५ साली उत्तरेकडच्या टोरसॉकर भागात तर एकाच वेळी सत्तरच्या आसपास माणसांना मृत्युदंड दिला गेला. त्याच वर्षी हे लोण स्टॉकहोमला, सोडरमाल्मवरच्या कातारीना चर्चच्या वस्तीत पोचलं. येव्हले गावाहून आलेल्या एका पोराच्या कहाण्यांनी तिथे आग लावली. या पोराच्या साक्षीवरून त्याच्या स्वतःच्या आईलाही मारलं गेलं होतं.

या खटल्यांतली मालिन माट्सडॉटर ही बाई लक्षात ठेवा. वयस्क, गरीब. तिच्या विरोधात साक्ष देणाऱ्यांत तिच्या पोटच्या मुलीही होत्या. गुन्हा कबूल कर म्हणून तिला पुन्हापुन्हा सांगितलं गेलं, तिने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. ५ ऑगस्ट १६७६ रोजी तिला हूटोर्येत चौकात जिवंत जाळलं. बाकीच्यांचं आधी शिर उडवत आणि मग प्रेत जाळत. हिला तेवढीही दया नाही, कारण ती नमली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत चौकशी समितीतल्या काही जणांनी मुलांना नीट, वेगवेगळं विचारायला सुरुवात केली. त्यांत उर्बान यार्ने नावाचा तरुण डॉक्टर होता. मुलं एकेक करून सांगू लागली की आम्ही खोटं बोललो. खटले थांबले. खोट्या साक्षीबद्दल काही साक्षीदारांनाच मृत्युदंड झाला आणि त्यांत तो येव्हल्याचा पोरही होता. चेटकाबद्दलची मृत्युदंडाची शिक्षा कायद्यातून जायला मात्र १७७९ साल उजाडलं.

हूटोर्येत चौकात आज फळं, भाज्या आणि फुलांचा बाजार भरतो. ट्यूलिपची जुडी घ्या आणि क्षणभर मालिनची आठवण काढा. हे फार दूरचं आहे असंही समजू नका. बाईला डाकीण ठरवून मारणं, वाळीत टाकणं आपल्या राज्यातही घडलं आहे. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नव्हे.

आता युरगॉर्डन बेटावर जाऊ. इथे वासा जहाजाचं संग्रहालय आहे. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने बांधून घेतलेलं हे चौसष्ट तोफांचं जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघालं आणि दीडेक किलोमीटरही न जाता बंदरातच बुडालं. वरचा भार जास्त आणि बूड अपुरं, असा तो दोष. तीनशे तेहतीस वर्षं ते तळाशी पडून होतं. २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे वसंतातच, ते पुन्हा पाण्यावर आलं.

हे जहाज पाहून लोक राजाचं नाव घेतात, फार तर बांधणाऱ्या मिस्त्रीचं. तो मुख्य मिस्त्री हेन्रिक हिबर्टसन काम अर्धवट असतानाच १६२७ साली वारला. त्याच्या मागे जहाजाच्या कारखान्याचा कारभार सांभाळला तो त्याच्या बायकोने, मार्गारेता निल्सडॉटरने. शेकडो माणसांचं काम, लाकडाचा हिशेब, राजाच्या दरबाराशी व्यवहार, सगळं या विधवेच्या हाती आलं. आणि आणखी एक. जहाजाबरोबर सापडलेल्या सांगाड्यांपैकी एकाला संशोधकांनी पुरुष समजून गुस्ताव असं नाव दिलं होतं. २०२३ साली डीएनए तपासणीतून कळलं की ती बाई होती. संग्रहालयात जाल तेव्हा तो सांगाडा शोधा.

त्याच बेटावर स्कान्सेन आहे. आर्टुर हासेलियुस या गृहस्थाने १८९१ साली हे उघडं संग्रहालय सुरू केलं. देशभरातली जुनी घरं, गोठे, चर्च सुटे करून आणले आणि इथे पुन्हा उभे केले. कारखान्यांच्या काळात खेड्यातलं जगणं पुसून जाईल, ही त्याची काळजी होती. ३० एप्रिलच्या संध्याकाळी इथे मोठा जाळ पेटवतात आणि गायनमंडळं वसंताची गाणी म्हणतात. या रात्रीला वाल्बोरी म्हणतात. आपल्या होळीची आठवण यावी असाच तो देखावा. ज्या संत वालबुर्गाच्या नावावरून हा दिवस आला, ती आठव्या शतकात इंग्लंडहून जर्मनीत गेलेली जोगीण होती, एका मठाची प्रमुख. पुढे लोकांच्या बोलण्यात हीच रात्र चेटकिणींची रात्र झाली. बाई संत असो की चेटकीण, जाळ तिच्याच नावाने पेटला! जाळाजवळ गरम वाटेल, पण पाठीला थंडी बोचते. स्वेटर, टोपी, मोजे विसरू नका. एप्रिलमध्ये तिथे अचानक बर्फही पडतो.

दुसऱ्या दिवशी १ मे. १८९० सालापासून या दिवशी स्टॉकहोमचे कामगार मोर्चा काढतात आणि १९३९पासून ती देशाची सुट्टी आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायला हरकत नाही.

गुलाबी झाडांचे फोटो येतात ते कुंगस्ट्रेडगॉर्डनचे. नावाचा अर्थ राजाची बाग. शेकडो वर्षांपूर्वी इथे राजवाड्यासाठी कोबी आणि भाज्या पिकत, मग ती राजाची विलासाची बाग झाली आणि पुढे लोकांसाठी खुली झाली. चेरीची झाडं अलीकडची, १९९८ साली लावलेली. साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात ती फुलतात. फुलांखाली गर्दी असतेच. तुम्ही मात्र थोडं पलीकडे जुन्या एल्म वृक्षांपाशीही जा.

१९७१ सालच्या मे महिन्यात भुयारी रेल्वेच्या स्टेशनाचं दार काढायला नगरपालिका यांतली तेरा झाडं तोडणार होती. त्याआधी कित्येक वर्षं शहराच्या मध्यावरची जुनी वस्ती पाडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि लोकांना कुणी विचारत नव्हतं. ११ मेच्या रात्री करवती घेऊन माणसं आली, तेव्हा हजारो लोक जमले. कुंपण मोडून आत शिरले, काही झाडांवर चढले, फांद्यांना झोळ्या बांधून तिथेच राहिले. पोलिसांशी झटापट झाली. करवती खोडांना लागल्याही. पण झाडं उभी राहिली. नगरपालिकेने माघार घेतली आणि स्टेशनाचं दार दुसरीकडे हलवलं. एल्मखाली आजही चहाचं दुकान आहे. तिथे एक कप घ्या आणि खोडावरचे करवतीचे व्रण शोधा.

शेवटची जागा मला सगळ्यांत जवळची वाटते. सोडरमाल्मच्या दक्षिणेला टान्टोलुंडेन नावाची बाग आहे. तिच्या उतारावर खेळण्यातली वाटावीत अशी लाकडी घरं आणि प्रत्येकापुढे चिमुकला वाफा. मे महिन्यात इथे माणसं गुडघे टेकून माती भुसभुशीत करत असतात, बटाटे लावत असतात, सफरचंदाची झाडं फुलत असतात. पायवाटेने कुणीही फिरू शकतं. श्रीमंतांची ही सुट्टीची घरं असतील असं वाटतं. तसं नाही. शहरातल्या कामकरी कुटुंबांना जमिनीचा तुकडा मिळावा म्हणून ही पद्धत सुरू झाली.

ती स्टॉकहोममध्ये रुजवली आन्ना लिंडहागेन या बाईने. वडिलांनी शहराच्या रुंद रस्त्यांचा आराखडा केला होता. मुलगी त्या रस्त्यांमागच्या कोंदट खोल्यांकडे बघत होती. डेन्मार्कमध्ये कामगारांचे वाफे पाहून ती परतली आणि १९०६ साली आन्ना ओबेरीसॉन या दुसऱ्या आन्नाच्या साथीने तिने संघटना उभी केली. एका खोलीत राहणाऱ्या घरातल्या मुलांना ऊन मिळावं, ताटात ताजी भाजी यावी, आईला अंगण मिळावं, एवढं साधं तिचं म्हणणं. ती समाजवादी होती, मताच्या हक्काच्या चळवळीत होती, शहराच्या नगरपालिकेवर निवडून आली आणि ‘मॉर्गनब्रिस’ नावाचं कामकरी बायकांचं मासिकही तिने चालवलं. सोडरमाल्मच्या कड्यावरची फ्येलगाटान ही गल्ली आणि तिथली जुनी लाकडी घरं वाचावीत म्हणून ती झटली. त्या गल्लीतून सगळं बंदर दिसतं. संध्याकाळी तिथे अवश्य जा.

वाफ्यांचं मोल पहिल्या महायुद्धात कळलं. स्वीडन युद्धात नव्हता, पण धान्य मिळेना. १९१७च्या वसंतात ठिकठिकाणी बायका भाकरी आणि बटाटे मागत रस्त्यावर आल्या, दुकानदारांना साठे उघडायला लावू लागल्या. याच काळात टान्टोलुंडेनचे वाफे आखले गेले. पोटाच्या मागणीबरोबर मताची मागणीही जोर धरत गेली आणि २४ मे १९१९ रोजी, पुन्हा वसंतातच, संसदेने बायकांना मताचा हक्क देण्याचा निर्णय केला. १९२१च्या सप्टेंबरात त्यांनी पहिल्यांदा मत दिलं आणि पाच बायका संसदेत गेल्या. त्यांतली शेश्टिन हेसेलग्रेन ही देशातली पहिली कारखाना निरीक्षक बाई. त्याच १९२१ साली आपल्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानेही बाई म्हणून मत नाकारायचं नाही असं ठरवलं. अर्थात मालमत्तेच्या अटीमुळे तेव्हा ते मोजक्याच बायकांच्या वाट्याला आलं.

तर मैत्रिणींनो, जाणार असाल तर असा क्रम लावा. एक दिवस युरगॉर्डन: वासा आणि स्कान्सेन. एक दिवस हूटोर्येतचा बाजार आणि तिथून चालत कुंगस्ट्रेडगॉर्डन. एक दिवस सोडरमाल्म: कातारीना चर्च, फ्येलगाटान आणि टान्टोलुंडेनचे वाफे. पायांत सवयीचे बूट असू द्या, चालणं पुष्कळ आहे.

आणि ज्यांना जायचं नाही, त्यांच्यासाठी एक काम. आपल्या गावातलं एखादं जुनं झाड, पार, विहीर, मोकळी जागा आठवा. ती अजून सगळ्यांची आहे ती कुणामुळे, हे घरातल्या म्हातारीला विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या भाषणात ती नावं वाचू.