दिवा आणि डोळा

शिरोळ तालुक्यांतील जयसिंगपूरचें रेल्वे-स्थानक पूर्वीं ‘शिरोळ रोड’ ह्या नांवानें ओळखलें जाई. तें ज्या मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर आहे, तो १८९१ सालीं सुरू झाला. काळोख्या रात्रीं इंजिन हांकणाऱ्याला पुढचा मार्ग मोकळा आहे कीं नाहीं, हें सांगावयास त्या काळीं तेलाच्या एका लहानशा दिव्याचाच आधार असे. तो दिवा हांकणाऱ्याला नेमका कसा दिसेल, हें समजण्यापूर्वीं मनुष्याला पुष्कळ ठेंचा खाव्या लागल्या.

इंग्लंडांतील रेल्वेवर आरंभीं लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, असा संकेत होता. वरकरणीं ह्यांत कांहींच वावगें नाहीं. परंतु लाल कांच फुटली कीं आंतली ज्योत पांढरी दिसावयाची. ‘थांबा’ म्हणणारा दिवा ‘खुशाल या’ म्हणूं लागावयाचा! शेजारच्या घरांतला दिवाही पांढराच. म्हणून १८९० नंतरच्या दशकांत, आपला हा मार्ग नवा असतांनाच, तेथें पांढऱ्याची जागा हिरव्याला मिळूं लागली.

रस्त्यावरील दिवा हें रेल्वेचेंच अपत्य होय. १८६८ च्या डिसेंबरांत लंडनमध्यें पार्लमेंटजवळ जे. पी. नाइट ह्या रेल्वे-इंजिनियराच्या योजनेप्रमाणें एक खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात हालत, रात्रीं गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत. महिन्याभरांतच गॅसचा स्फोट होऊन पोलीस शिपाई जखमी झाला. पुढें १९२० सालीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथें विल्यम पॉट्स ह्या पोलीस अधिकाऱ्यानें चौकांत विजेचा तिरंगी दिवा आणला.

कित्येकांना लाल व हिरवा ह्यांतील भेद नीट दिसत नाहीं. लाल वर आणि हिरवा खालीं हा क्रम कायम असल्यामुळें त्यांना जागेवरून अर्थ कळतो. मावळतीचें ऊन कांचेवर पडलें कीं विझलेला दिवाही पेटल्यासारखा भासतो; म्हणून वर टोपीसारखी झांपड बसवितात. मागें काळी पाटी लावली म्हणजे उजळ आकाशांतही दिवा उठून दिसतो.

एवढें शिकल्यावरही आपण त्या दिव्याआड जाहिरातीचा फलक उभारला, किंवा झाडाची फांदी वाढूं दिली, तर सारा खटाटोप व्यर्थ! खांबाखालीं उभें राहून दिवा पारखूं नये. दुरून वेगानें येणाऱ्याच्या आसनावर बसून तो पाहावा. कारण थांबावयाचें त्याला असतें आणि जीव रस्ता ओलांडणाऱ्याचा असतो.