नेक पिकअपचा गढूळ आवाज आणि सेथ लव्हरची दोन उत्तरं

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलांशी बोलताना एक तक्रार हमखास कानावर येते. ब्रिजजवळचा पिकअप छान वाजतो, पण नेकजवळच्या हम्बकरवर गेलं की आवाज गढूळ होतो. कॉर्ड छेडली तर सहा तारांचा एकच गोळा ऐकू येतो. मग लगेच पुढचा प्रश्न, ‘कुठला पिकअप घेऊ?’ बाजारात शेकडो नावं आहेत. जुन्या पिकअपच्या किमती तर नव्या गिटारपेक्षाही जास्त असतात. मला वाटतं, खिशात हात घालण्याआधी हा गढूळपणा मुळात आला कुठून, हे समजून घ्यावं. तो इतिहास बराचसा एकाच माणसाभोवती फिरतो.

घुंई मारण्याचा हुन्नर

सेथ लव्हर हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावचा. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर यांत मुरलेला हा माणूस तिथल्याच गिब्सन कंपनीत नोकरीला होता. त्या काळी गिब्सनच्या गिटारांवर पी-९० नावाचा एका कॉइलचा पिकअप असे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा संसार. पण असं वेटोळं एखाद्या अँटेनासारखं वागतं. गिटारच्या तारेचं कंपन पकडता पकडता ते आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची आणि दिव्यांची घुंईही पकडतं. अमेरिकेत ही घुंई ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५० हर्ट्‌झची.

लव्हरने दोन कॉइल शेजारी ठेवल्या. त्यांच्या चुंबकांची टोकं एकमेकांच्या उलट ठेवली आणि जोडणीही उलटी केली. बाहेरून येणारी घुंई चुंबकाला ओळखत नाही, त्यामुळे उलट्या जोडणीत ती एकमेकीला खोडून टाकते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटून सरळ होतो, म्हणून त्याची बेरीज होते. २२ जून १९५५ रोजी पेटंटसाठी अर्ज झाला. १९५७ पासून हा पिकअप लेस पॉल गिटारवर दिसू लागला आणि पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ रोजी. दरम्यानच्या काळात पिकअपच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी चिकटवली जाई. त्यावरूनच ‘पीएएफ’ हे नाव पडलं. गंमत अशी की नंतरच्या चिठ्ठीवर जो पेटंट क्रमांक छापला गेला, तो पिकअपचा नव्हताच. तो लेस पॉलच्या टेलपीसचा होता!

घुंईबरोबर काय गेलं?

घुंई गेली, पण तिच्याबरोबर थोडी चमकही गेली. दोन कॉइल एकामागून एक जोडल्या की वरच्या पट्टीतल्या सुरांना अडथळा वाढतो. शिवाय दोन कॉइल तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात. त्यांच्यात दोन सेंटिमीटरहून थोडं कमी अंतर असतं. अगदी बारीक लहरींचे उपस्वर या अंतरात एकमेकांना खोडतात.

यात नेकच्या जागेची भर पडते. २२ फ्रेटच्या गिटारवर नेक पिकअप साधारण तिथे बसतो, जिथे २४ वा फ्रेट आला असता. म्हणजे ब्रिजपासून तारेच्या पाव लांबीवर. मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर तिथे जवळजवळ स्थिर असतो आणि मूळ स्वर मात्र ऐन जोमात. आपल्या तानपुऱ्याच्या भाषेत सांगायचं तर नेकच्या जागी जवारी आधीच थोडी बंद असते. त्यावर जाड आवाजाचा हम्बकर बसवला की ती पुरती मिटते.

लव्हरला याची जाण होती. पिकअपच्या झाकणासाठी त्याने जर्मन सिल्व्हर निवडलं. आपल्या घरातली ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियम, हे ते नव्हे. हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. पितळेच्या झाकणात जास्त भोवरी प्रवाह फिरतात आणि वरचे सूर खातात. जर्मन सिल्व्हरमध्ये हे नुकसान कमी होतं.

दंतकथा आणि वेढे

आज पीएएफला देव्हाऱ्यात बसवलं जातं. पण त्या काळी प्रत्येक कॉइलवर सुमारे ५,००० वेढे अंदाजाने घातले जात. कधी कमी, कधी जास्त. चुंबकही हाताला येईल त्या प्रकारचं बसे. त्यामुळे मोजमाप करताना एखादा पीएएफ ७ किलोओहम दाखवतो, तर दुसरा ९ च्या आसपास जातो. ‘पीएएफचा आवाज’ असा एक ठरलेला आवाज नाहीच. कमी वेढ्यांचे मोकळे वाजतात, जास्त वेढ्यांचे भरीव. दोन कॉइलच्या वेढ्यांत फरक राहिला, तर वरचे सूर आणखी थोडे सुटतात. ज्या स्वच्छ आवाजासाठी लोक आज लाखो रुपये मोजतात, त्यातला बराचसा भाग कारखान्यातल्या ढिलाईची देणगी आहे.

त्याच माणसाचं दुसरं उत्तर

१९६७ मध्ये लव्हर प्रतिस्पर्धी फेंडर कंपनीत गेला. तिथे त्याला घुंई नसलेला, पण फेंडरसारखा लख्ख वाजणारा हम्बकर बनवायचा होता. त्याने खाली आडवं चुंबक ठेवण्याऐवजी तारांखालचे खांबच चुंबकाचे केले. त्यासाठी क्युनिफे हा तांबं, निकेल आणि लोखंडाचा मिश्रधातू वापरला, कारण त्यावर स्क्रूचे आटे पाडता येतात. हा ‘वाइड रेंज’ पिकअप १९७२ च्या टेलिकास्टर कस्टमवर नेमका नेकच्या जागी बसला. पुढे क्युनिफे मिळेनासं झालं आणि तो पिकअप बंद पडला. २०२० मध्ये फेंडरने तो पुन्हा आणला.

१९९० च्या दशकात सिमोर डंकन यांनी खुद्द लव्हरला सोबत घेऊन त्याच्या मूळ हम्बकरची आवृत्ती काढली. तीही कमी ताकदीची आणि मोकळ्या आवाजाची आहे. लव्हर १९९७ मध्ये वारला.

मग घ्यायचं काय?

आधी पैसे न लागणारं काम करा. पिकअप तारांपासून खाली उतरवा आणि स्क्रू थोडे वर घ्या. लांब केबल वरचे सूर गिळते, तीही तपासा. व्हॉल्यूमचं पोटेन्शिओमीटर ५०० किलोओहमचं आहे ना, ते बघा. २५० चं असेल तर आवाज दबतो. एवढं करूनही गोळाच ऐकू आला, तर कमी वेढ्यांचा, सौम्य चुंबकाचा नेक पिकअप घ्या, साधारण ७ ते ७.५ किलोओहमचा. मात्र हा आकडा एकाच जाडीच्या तारेसाठीच तुलनेला चालतो. बारीक तार कमी वेढ्यांतही मोठा आकडा दाखवते. चार वायरींचा पिकअप असेल, तर दोन्ही कॉइल समांतर जोडून बघता येतात. आवाज थोडा लहान होतो, पण उघडतो, आणि घुंईही परत येत नाही.

‘जास्त ताकद म्हणजे चांगला पिकअप’ हे दुकानातलं वाक्य ब्रिजपाशी एक वेळ चालेल. नेकपाशी मात्र ते उलटं पडतं. लव्हरने आयुष्यात दोनदा या प्रश्नाला हात घातला आणि दोन्ही उत्तरं वेगळी दिली. म्हणून चिठ्ठीवरचं नाव वाचून पैसे देऊ नका. आपली गिटार, आपला ॲम्प आणि एक साधी कॉर्ड घ्या. तिच्यातल्या सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, तर तो पिकअप तुमचा.