'ठेव' या शब्दाचा अर्थ आणि पेण अर्बन बँक

पेण येथील पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचा पैसा अडकून पडला. पुढील चौकशीत, बनावट कर्जखात्यांच्या द्वारे सुमारे ६०० कोटी रुपये बँकेबाहेर गेल्याचे निष्पन्न झाले. वृत्तपत्रांनी या प्रकाराला 'घोटाळा' म्हटले. तो शब्द चूक नव्हे. परंतु त्याने गुन्हा कोणी केला एवढाच प्रश्न पुढे येतो. लक्षणे असताना ती ठेवीदारास का दिसली नाहीत, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न होय, आणि त्याचा आरंभ 'ठेव' या शब्दापासून करणे इष्ट वाटते.

आपल्या धर्मशास्त्रात निक्षेप आणि उपनिधी असे दोन प्रकार सांगितले आहेत. पेटीत वा भांड्यात बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपविलेले द्रव्य, असा उपनिधीचा अर्थ याज्ञवल्क्यस्मृतीत आढळतो. ते जसेच्या तसे परत करावयाचे असते. मराठीतील 'ठेव' या शब्दाला हाच वास आहे: वस्तू माझी, जागा तुझी. आधुनिक कायद्यातील स्थिती याच्या अगदी उलट आहे. इंग्लंडमधील फोली विरुद्ध हिल या १८४८ च्या खटल्यात असे ठरले, की बँकेत भरलेला पैसा बँकेच्या मालकीचा होतो. ग्राहक हा केवळ धनको, आणि बँक ऋणको. म्हणजे ज्याला आपण ठेवीदार म्हणतो तो वस्तुतः कर्ज देणारा आहे. गावात कोणाला हातउसने द्यावयाचे झाले तर देणारा मनुष्य घेणाऱ्याचे शेत, घर, मागील देणी आणि जामीन यांची चौकशी केल्यावाचून राहत नाही. तोच मनुष्य 'ठेव' ठेवावयास गेला म्हणजे व्याजाचा दर तेवढा विचारतो. शब्दाने त्याला धनकोची जागाच दाखविलेली नसते.

पेणच्या बाबतीत हे अधिक खुपते, कारण तेथील अर्थव्यवहार डोळ्यांपुढचा आहे. पेण आणि हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींचे कारखाने, भाताची शेती, बाजारपेठ. कोणाचा कारखाना केवढा आणि कोणाची उलाढाल किती, हे गावाला बहुधा ठाऊक असते. मूर्तिकाराचा पैसा गणेशोत्सवाच्या आगेमागे हाती येतो आणि त्यातूनच पुढल्या वर्षाची माती, रंग व मजुरी भागते. २०१० साली गणेशचतुर्थी ११ सप्टेंबरला होती. वर्षाची कमाई हाती येण्याच्या महिन्यातच बँकेचे दार लागले, यावरून आघाताची कल्पना यावी.

अशा गावात शेकडो कोटींची कर्जे कोणी घेतली, हा प्रश्न ताळेबंद वाचता न येणाऱ्यासही विचारता आला असता. किंबहुना तो त्यालाच अधिक चांगला विचारता आला असता. ताळेबंदात कर्जाची बेरीज असते, कर्जदारांची नावे नसतात. थकबाकीचा आकडाही बँकेचाच. बनावट खात्याची थकबाकी दिसत नाही, कारण जुने कर्ज नव्या कर्जाने फेडल्याचे दाखविता येते. तेव्हा कर्जे भराभर वाढत आहेत आणि थकबाकी मात्र नगण्य, हे सुदृढतेचे चिन्ह न मानता संशयाचे मानावयास हवे. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने मार्च २०१९ अखेर आपली अनुत्पादक कर्जे अवघी ३.७६ टक्के दाखविली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिच्यावर निर्बंध आले, आणि एका बांधकाम उद्योगसमूहाची कर्जे झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती वापरल्याचे उजेडात आले.

कायदा येथे ठेवीदारास फारसे साहाय्य करीत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ३२ व्या कलमाने सभासदाला ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि सभांची इतिवृत्ते पाहता येतात. हिशोबाच्या पुस्तकांतून मात्र केवळ स्वतःच्या व्यवहाराचा भाग. सभासद नसलेल्या ठेवीदारास या कलमाने तेवढाही अधिकार नाही. पेटी बंदच राहिली. फक्त आता आत काय आहे हे तिच्या धन्यालाच ठाऊक नाही.

देखरेखीचा इतिहासही याच दिशेने बोलतो. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९). त्यांच्याच कारकीर्दीत १९४९ चा बँकिंग अधिनियम आला. सहकारी बँका मात्र त्याच्या कक्षेत १ मार्च १९६६ रोजी आल्या, आणि त्याही अर्ध्याच. बँकव्यवहार रिझर्व्ह बँकेकडे व संस्थेचा कारभार राज्याच्या निबंधकाकडे, अशी ही वाटणी २०२० च्या दुरुस्तीपर्यंत बहुतांशी टिकली. दोन पहारेकरी असले म्हणजे प्रत्येकास दुसरा जागा आहे असे वाटते.

ठेवविम्याची कथा निराळी. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा १९६१ चा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले. पेणच्या वेळी ही मर्यादा १९९३ पासून चालत आलेली १ लाखाची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाखांची झाली. निर्बंध येताच ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद तर २०२१ ची. पेणच्या ठेवीदारांना या सुधारणांचा उपयोग वेळेवर झाला नाही. त्यांनी संघर्ष समिती स्थापून मोर्चे काढले, न्यायालये गाठली; निर्बंधांपूर्वी न विचारलेले प्रश्न त्यांनी त्यानंतर वर्षानुवर्षे विचारले.

पेणहून पनवेल काही दूर नाही. तेथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर जून २०२० मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. आरोप पुन्हा बनावट कर्जखात्यांचाच होता.