पासष्ट हजार पाचशे छत्तिसावी ओळ

एक्सेलच्या जुन्या तक्त्यात ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने मावत. ओळीचा क्रमांक साठवायला फाइलीत सोळा बिटांची जागा राखलेली होती आणि दोनाचा सोळावा घात ६५,५३६ होतो, म्हणून हा आकडा. १९९७ पासून २००३ च्या आवृत्तीपर्यंत हीच चौकट टिकली. त्याआधी १६,३८४ ओळी असत. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये तर २५४ ओळी आणि ६३ रकाने एवढाच संसार होता. २००७ साली ओळी १०,४८,५७६ झाल्या आणि रकाने १६,३८४. जुन्या ओळींचा आकडा नव्या रकान्यांना मिळाला, ही गंमत मला अजून मोहवते.

हे माप आपल्या मातीवर लावून पाहावे. महाराष्ट्रातली गावे चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. ती जुन्या तक्त्यात बसतात. देशातली सहा लाखांहून अधिक गावे बसत नाहीत, त्यांना नवा तक्ता लागतो. परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १८,३६,०८६; माणशी एक ओळ धरली तर आपला जिल्हा नव्या तक्त्यातही मावत नाही. २०१७ च्या कर्जमाफीत शासनाने ८९ लाख शेतकऱ्यांचा आकडा सांगितला होता. शेतकऱ्यामागे एकच ओळ दिली तरी जुने १३६ तक्ते लागले असते, नवे ९. असल्या कामाला डेटाबेस लागतो हे जाणकारांना ठाऊक असते. पण पालमसारख्या तालुक्याच्या गावी माहिती हाती पडते ती बहुधा एक्सेलच्याच फाइलीत.

कागदी वहीला ही अडचण नव्हती. पान संपले की तळाशी ‘पुढे चालू’ लिहून कारकून नवे पान उघडी. यंत्राला ते शिकवावे लागते. मोठी फाइल हाताने उघडली तर एक्सेल ‘पूर्ण उतरली नाही’ असे सांगते, जुन्या रूपात साठवताना इशाराही देते. माणूस मधे नसला की मात्र इशारा वाचायला कुणी नसते. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये हेच झाले. प्रयोगशाळांतून आलेले करोनाचे निकाल जुन्या एक्सेल रूपात ओतले जात होते. एका रुग्णाला अनेक ओळी लागत, म्हणून एका फाइलीत सुमारे चौदाशेच रुग्ण मावत. आठ दिवसांतले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायला उशीर झाला. त्या ओळींत माणसे होती, हे विसरू नये.

मराठीत गळती वेगळ्या दाराने होते. युनिकोड रुळण्याआधीच्या फाइलींत अक्षरे नसतात, फॉन्टच्या सांकेतिक जागा असतात. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी नव्या संगणकावर उघडली की ओळी, रकाने, बेरजा सगळे जागेवर असते, फक्त नावे वाचता येत नाहीत. इंग्रजी चिन्हांची माळ दिसते. फॉन्ट कोणता होता हे कळले तर ती उलगडते. म्हणून फाइलीबरोबर फॉन्टचे नावही जपावे. माझ्या मते ओळींच्या मर्यादेपेक्षा हा घोर मोठा आहे, कारण इथे कुणी आकडा मोजून ‘काही तरी गेले’ असे म्हणू शकत नाही.

माझे काम निजामकाळच्या महसुली नोंदींचे, आणि तिथे तक्ता तारखेवर अडतो. एक्सेलचा विंडोजवरचा काळ १ जानेवारी १९०० ला सुरू होतो. लोटस १-२-३ शी जुळवून घेण्यासाठी त्याने त्या वर्षी २९ फेब्रुवारीही मानला, जो दिवस कधी उगवलाच नाही. मॅकवरच्या जुन्या फाइली १९०४ पासून मोजत, म्हणून तिथून नकललेल्या तारखा १,४६२ दिवसांनी सरकू शकतात. पण १२ मार्च १८८५ ही तारीख त्याच्या लेखी निव्वळ मजकूर. क्रम लावायला सांगितले की वर्ष मागे राहते आणि दिवसाच्या आकड्यानुसार रांग लागते. १८९१ ची नोंद १८८५ च्या आधी येऊन बसते. म्हणून मी दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने करतो, चौथ्यात फसली साल मुळात आहे तसे लिहितो. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने येतो, पण त्यात दोन इसवी वर्षांचे तुकडे असतात. म्हणून ती बेरीज मी सूत्रावर सोपवत नाही, कागदावरचा महिना पाहून हाताने करतो.