कापूस न पिकवण्याचे पैसे

"कापूस पेरू नका, त्याबद्दल पैसे घ्या" असं सरकारनं सांगितलं तर? थट्टा नाही मंडळी, अमेरिकेत १९३३ साली हे खरंच घडलं. शेती अनुदानाचा विषय निघाला की आपण 'द्यावं की देऊ नये' यावरच भांडत बसतो. अर्कान्सा राज्यातल्या पॉइनसेट काउंटीची (काउंटी म्हणजे आपला छोटा जिल्हा समजा) हकिकत वाचल्यापासून मला मात्र दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: चेक कोणाच्या हातात पडतो?

१९२९ साली पाउंडाला १६-१७ सेंट असलेला कापूस दोन-तीन वर्षांत सहा सेंटांवर आला. रूझवेल्ट सरकारचं गणित सरळ होतं. माल जास्त म्हणून भाव कमी, तर माल कमी करा. पण कायद्यावर सही झाली मे महिन्यात, तोवर कापूस शेतात उभा! मग उभ्या पिकात नांगर घातला, सुमारे १ कोटी एकरांवर. जन्मभर दोन ओळींमधूनच चालायला शिकवलेली खेचरं झाडांवर पाय द्यायला तयार होईनात, असं तेव्हाचे लोक सांगत. भरपाई दिली १० कोटी डॉलरच्या वर.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे. पॉइनसेटमध्ये कापूस पिकवणारा आणि जमिनीचा मालक ही दोन वेगळी माणसं होती. जमीन मळेवाल्याची, राबणार अर्धेलीनं करणारं कुटुंब (गोरंही, काळंही). वर्षभर मालकाच्या दुकानातून उधारीवर पीठ-मीठ न्यायचं आणि हंगामाच्या शेवटी हिशोब. हिशोबाची वही अर्थातच मालकाकडे.

१९३४-३५च्या करारात पेरा साधारण ४० टक्क्यांनी कमी करायचा होता. पडीक ठेवलेल्या जमिनीचं भाडं पाउंडामागे साडेतीन सेंट, ते सगळं मालकाला. शिवाय आणखी एक सेंट, तो निम्मा-निम्मा. म्हणजे साडेचार सेंटांतले चार मालकाचे, अर्धा कुळाचा. तोही मालकाच्या हातून, उधारी वळती करून!

आणि पेराच कमी केला तर कुळं हवीत कशाला? हा धोका वॉशिंग्टनला दिसत होता. म्हणून करारात सातवं कलम घातलं: मालकानं कुळांची संख्या 'शक्यतो' कायम ठेवावी, आणि कूळ उपद्रवी ठरल्याशिवाय त्याला घराबाहेर काढू नये. आमच्या धंद्यात रिक्वायरमेंटमध्ये 'शक्यतो' लिहिलेलं असलं की ते काम होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. :) इथे तर उपद्रवी कोण हेही मालकच ठरवणार होता.

टायरॉन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून कुटुंबं हाकलली गेली, तेव्हा जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ काळे एका शाळेत जमले आणि त्यांनी एकच संघटना काढली. त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांची एक संघटना! पुढारी कोण, तर एच. एल. मिचेल हा ड्रायक्लीनिंगवाला आणि क्ले ईस्ट हा पेट्रोलपंपवाला. दोघांची दुकानं शेजारी शेजारी. सभांवर हल्ले झाले, लोकांना रातोरात काउंटी सोडून पळावं लागलं. ते कोर्टातही गेले, हाती काही लागलं नाही.

कृषी खात्यातल्या काही तरुण वकिलांनी मात्र सातव्या कलमाचा कडक अर्थ लावला: नुसती संख्या नाही, तीच माणसं ठेवायची. फेब्रुवारी १९३५ मध्ये जेरोम फ्रँक आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना नोकरीवरून काढलं. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी त्याला संमती दिली. या माणसाचं मला नवल वाटतं. पुढे समाजवाद्यांनाही जवळचे वाटलेले वॉलेस इथे मळेवाल्यांच्या बाजूनं उभे राहिले, कारण दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय खातंच चाललं नसतं.

पुढे नियम सुधारले, कुळाचा वाटा थेट त्याच्या हातात देण्याची सोय झाली. मग बऱ्याच मळेवाल्यांनी अर्धेलीच बंद केली. तीच माणसं रोजंदारीवर ठेवली, म्हणजे वाटा देण्याचा प्रश्नच मिटला. आणि हातात आलेल्या सरकारी पैशांतून ट्रॅक्टर घेतले.