वॉचडॉग कालमापक

संगणकातील आज्ञावलीचे काम अडून राहिल्यास ठराविक मुदतीनंतर संगणक आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या योजनेस वॉचडॉग कालमापक म्हणतात. वॉचडॉग म्हणजे राखणदार कुत्रा. या योजनेत एक गणक ठराविक वेगाने शून्याकडे उतरत असतो. आज्ञावली सुरळीत चालू असेल, तर ती वेळोवेळी त्यात मूळ आकडा पुन्हा भरते. तसे न घडल्यास गणक शून्यावर येतो व संगणकास पुनरारंभाचा संकेत मिळतो. राखणदाराची विश्वसनीयता, ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा त्याच्यापासून तो कितपत स्वतंत्र आहे, यावर अवलंबून असते. या योजनेचा इतिहास बव्हंशी अशा स्वातंत्र्याच्या शोधाचा आहे.

अवकाशयानांतील उपयोग : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अभिकल्पिलेल्या अपोलो यानांच्या मार्गदर्शन संगणकात ‘नाइट वॉचमन’ नावाचे मंडल होते. आज्ञावलीने एका विशिष्ट स्मृतिस्थानाकडे एक-दोन सेकंदांत लक्ष दिले नाही, तर हे मंडल तिला पुन्हा सुरू करी. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्रावर उतरत असताना उद्‌भवलेल्या १२०१ व १२०२ या इशाऱ्यांच्या वेळचे पुनरारंभ मात्र या मंडलाने केलेले नव्हते. नवे काम घेण्यास जागा उरली नाही, हे ओळखून आज्ञावलीनेच ते केले होते. तथापि पुन्हा सुरू होऊन अत्यावश्यक कामे तेवढी पुढे चालविण्याच्या पद्धतीची उपयुक्तता त्यातून सिद्ध झाली.

याउलट अनुभव क्लेमेंटाइन या अमेरिकी यानाच्या बाबतीत आला. जानेवारी १९९४ मध्ये सोडलेल्या या यानाने चंद्राचे मानचित्रण पूर्ण केले. परंतु ७ मे रोजी संगणकातील बिघाडामुळे त्याचा एक प्रणोदक सु. ११ मिनिटे चालू राहिला. इंधन संपले, यान स्वतःभोवती वेगाने फिरू लागले आणि जिओग्राफस या लघुग्रहाकडे जाण्याचा बेत सोडून द्यावा लागला. यंत्रसामग्रीत वॉचडॉगची सोय होती. आज्ञावलीत ती वापरात आणलेली नव्हती. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. अग्रक्रमाचे एक काम, दुय्यम कामाने अडवून ठेवलेल्या सामायिक साधनासाठी खोळंबत होते व वेळेत पुरे होत नव्हते. मुदतीच्या तपासणीमुळे यान वाचले व दोषाचा माग लागून पृथ्वीवरून दुरुस्ती करता आली.

प्रचालन प्रणालीतील उपयोग : लिनक्स या प्रचालन प्रणालीच्या गाभ्यासाठी ॲलन कॉक्स यांनी १९९६ मध्ये केवळ आज्ञावलीवर आधारलेला वॉचडॉग लिहिला. तो गाभ्याच्याच कालमापकावर चालत असल्याने गाभा पूर्णपणे गोठला, तर राखणदारही गोठतो. म्हणून स्वतंत्र मंडलाचा वॉचडॉग अधिक भरवशाचा समजतात. लिनक्समध्ये सामान्यतः गाभ्याबाहेरील एखादी आज्ञावली ठराविक काळाने संकेत पाठवते. त्यामुळे गाभ्याबरोबर त्यावर चालणारी कामेही जिवंत असल्याची खूण मिळते.

आभासी यंत्रे : एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची पद्धत आय्‌बीएम्‌ कंपनीच्या व्हीएम/३७० या प्रणालीमुळे (१९७२) रूढ झाली. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून केव्हीएम ही तशी सोय आहे. येथे वॉचडॉगपुढे नवा प्रश्न उभा राहतो. यजमान संगणकावर कामाची गर्दी झाली, की आभासी संस्करणकाला काही काळ वेळच दिला जात नाही. बाहेरच्या घड्याळाने पाहता तो अडकलेला दिसतो. वस्तुतः तो केवळ थांबवलेला असतो. अशा वेळी पुनरारंभ केल्यास निरोगी यंत्र बंद पडते व त्यातील अपुरे काम वाया जाते. मुदत फार वाढवली, तर खरोखर अडकलेले यंत्र तसेच पडून राहते.

हा प्रश्न सोडविण्यासाठी गूगल कंपनीतून २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्याकरिता एक चालक आज्ञावली सुचविण्यात आली. प्रस्थापित वॉचडॉग चौकट असताना वेगळी आज्ञावली कशाला, हा तिच्या परीक्षणातील कळीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर पुढीलप्रमाणे होते : येथे प्रत्येक आभासी संस्करणकासाठी वेगळा गणक लागतो, संकेत गाभ्यातूनच आणि त्याच संस्करणकावरून जावा लागतो, तसेच संस्करणकाला प्रत्यक्षात किती वेळ मिळाला, याचा हिशेब यजमानाकडील भागाने ठेवावा लागतो. म्हणजे हिरावला गेलेला वेळ मुदतीत धरला जात नाही. अनेक सुधारित मसुद्यांनंतर ही आज्ञावली वॉचडॉगांच्या गटात न ठेवता संकीर्ण विभागात, आभासी संस्करणकाचा खोळंबा ओळखणारी योजना अशा अर्थाच्या नावाने, लिनक्स ६.० या आवृत्तीत समाविष्ट झाली.

हे नाव तिची मर्यादाही दर्शविते. संकेत गाभ्यातील कालमापकाकडून जात असल्याने गाभ्यावर चालणारी एखादी आज्ञावली निष्फळ आवर्तनात सापडली, तरी संकेत चालूच राहतात. त्यामुळे ही योजना नेहमीच्या वॉचडॉगला पर्याय नसून पूरक ठरते.